बांड्याचं फिटनेस सर्टिफिकेट

सरकारमान्य ठेकेदार म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे पांढरी जीप येते, बोटांतल्या चार अंगठ्या येतात आणि त्यांच्या मागोमाग पोटाचा घेर येतो. पारोळा तालुक्यातल्या हिवरट्याचा कौतिक झुलाल पाटील हाही सरकारमान्य ठेकेदारच होता. त्याच्याकडे एक जुनी राजदूत मोटारसायकल होती, ती फक्त उतारावर सुरू व्हायची. अंगठी एकच, तीही लग्नातली, आणि सिमेंटने बोट सुजलं म्हणून ती बायकोच्या डब्यात पडून होती. सरकारमान्यतेचं सर्टिफिकेट मात्र अस्सल होतं. देव्हाऱ्याच्या शेजारी काच लावून टांगलेलं होतं, आणि कुंदाबाई, म्हणजे त्याची बायको, देवांना कुंकू लावता लावता चुकून त्यालाही एक बोट लावायची.

सरकारने ठेकेदारांचे वर्ग पाडले होते. जातीपाती मोडायच्या असल्यामुळे माणसांची प्रतवारी करायची हौस कुठेतरी भागवावी लागतेच. कौतिक त्यातल्या सगळ्यात खालच्या वर्गात. बहात्तरच्या दुष्काळात तो सरकारी कामावर खडी फोडायला गेला, तिथे एका म्हाताऱ्या गवंड्याने त्याला ओळंबा धरायला शिकवलं. मग तो मिस्त्री झाला, मुकादम झाला आणि ऐंशीच्या सुमाराला ठेकेदार. तेव्हापासून पारोळा, एरंडोल आणि धुळे या तीन तालुक्यांत मिळून त्याने एकतीस मोऱ्या बांधल्या होत्या. ओढ्यानाल्यावर रस्त्याखालून पाणी काढून द्यायची ती मोरी. या एकतीसपैकी एकही वाहून गेली नव्हती.

ही त्याची फार मोठी उणीव समजली जाई. मोरी वाहून गेली की दुरुस्तीचं काम निघतं, दुरुस्तीसाठी पाहणी होते, पाहणीला जीप निघते, जीपला डिझेल लागतं, आणि चार घरी चूल पेटते. कौतिकची मोरी एकदा बांधली की मेल्यासारखी जागेवर पडून राहायची. कोणाच्या कामाची नाही. असल्या माणसाला वरच्या वर्गात चढवायचं तरी कशाच्या जोरावर?

काम मिळवायला टेंडरचा फॉर्म लागतो. तो मिळायचा धुळ्याच्या एका मोठ्या ऑफिसात. ऑफिसचं नाव सांगत नाही. ज्याने त्याने आपापल्या अनुभवाप्रमाणे घालून घ्यावं. फॉर्मविक्रीची मुदत तीन दिवस असे. पहिल्या दिवशी फॉर्म छापून आलेले नसत. दुसऱ्या दिवशी येत, पण त्यांवर शिक्का नसे. तिसऱ्या दिवशी शिक्काही असे, पण तो ज्यांच्या कपाटात असे ते टेंडरवाले अण्णा नाशिकला मीटिंगला गेलेले असत. चौथ्या दिवशी कळे, की चार फॉर्म विकले गेले, आणि चारही जण कुठल्याशा लॉजवर एकाच टेबलाशी बसून, एकमेकांना विचारून, एकमेकांशी चुरशीची स्पर्धा करताहेत. कौतिकला मग उरलेली हाडकं मिळत. जिथे रस्ता नाही, पाणी नाही, मजूर नाही, अशा ठिकाणची मोरी.

तर अशा या कौतिकला एकोणनव्वद साली अण्णांनी स्वतःहून बोलावलं, खुर्ची दिली, आणि चहा मागवला. तिथेच त्याने उठून निघून यायला हवं होतं.

"कौतिकराव, तुमच्याच गावचं काम आहे," अण्णा म्हणाले. "खारी नदीवरचा पूल. घ्या फॉर्म. शिक्क्यासकट."

खारी नदी हिवरट्याच्या पश्चिमेला. तिच्यावर इंग्रज साहेबाच्या काळातला दगडी पूल होता, अरुंद, एका वेळी एकच गाडी जाईल असा. आदल्या वर्षी कापसाचा ट्रक त्याच्या कठड्याला घासला आणि दहा-बारा फूट कठडा नदीत गेला. तेव्हा सरकार ताडकन जागं झालं. पूल दुरुस्त केला का? छे. पुलाच्या दोन्ही तोंडांशी पाट्या लावल्या: "पूल कमकुवत आहे. तीन टनांवरील जड मोटार वाहनांस सक्त बंदी. हुकुमावरून." शेजारी एक हवालदार बसवला. त्या दिवसापासून पूर्वेकडच्या नऊ गावांचा कापूस त्रेचाळीस किलोमीटरचा वळसा घालून बाजाराला जाऊ लागला, आणि एसटी अलीकडेच थांबून माणसांना म्हणू लागली, उतरा आणि चाला. नऊ गावांनी निवेदनं दिली, मोर्चा नेला, शेवटी नवीन पूल मंजूर झाला. जुन्याच्या खांद्याला खांदा लावून. टेंडर निघालं. पहिल्यांदा एकही ठेकेदार फिरकला नाही. दुसऱ्यांदा एकाने भरलं, तेही इतकं चढं, की वाचून साहेबांना ठसका लागला. आता तिसरी वेळ होती. खालच्या वर्गाला एवढं मोठं काम देता येत नाही, पण दोन वेळा प्रतिसाद मिळाला नाही तर "खास बाब म्हणून" देता येतं. सरकारचा नियम कितीही कडक असला, तरी त्याच्या मागच्या बाजूला एक दार असतंच.

कौतिकची मुलगी रत्ना तेव्हा जळगावच्या सरकारी पॉलिटेक्निकात सिव्हिलचा डिप्लोमा करत होती. वर्गात साठ मुलगे आणि ही एक. तिथेच मेहरूणला मावशीकडे राहायची आणि रविवारी घरी यायची. गावातल्या शहाण्यांनी कौतिकला पुष्कळ समजावलं होतं, की पोरीला डी.एड. करायला लाव, घरकाम सांभाळून होतं. कौतिक म्हणायचा, "माले एक इंजिनिअर पाहिजे, जो मना फोन उचलस." गावात तेव्हा फोन एकच होता, तोही पोस्टात, पण मुद्दा बरोबर होता.

त्या रविवारी रत्नाने ओट्यावर बसून टेंडरचं बाड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. खातं स्थापन झाल्यापासून ते असं वाचणारी बहुधा ती पहिलीच. सत्ताविसाव्या पानावर ती थांबली.

"आबा, खडीचं लीड सहा किलोमीटर धरलंय."

लीड म्हणजे खाणीपासून कामापर्यंतचं अंतर. त्यावर वाहतुकीचा दर ठरतो.

"बरोबर शे," कौतिक म्हणाला. "खाण नदीच्या अलीकडे, सहा किलोमीटरवर."

"पण अर्धा पूल आणि पाऊण किलोमीटर रस्ता पलीकडे बांधायचाय. पलीकडे खडी कशी नेणार? पुलावरून ट्रकला बंदी. नदीत बंधाऱ्याचं पाणी. वळसा घालून त्रेचाळीस किलोमीटर होतात. दर सहाचा, फेरा त्रेचाळीसचा."

कौतिकने बिडी विझवली. आता त्याला अण्णांच्या चहाची चव कळली.

दुसऱ्या दिवशी तो धुळ्याला साहेबांसमोर उभा राहिला. साहेब सज्जन होते. सज्जन म्हणजे त्यांनी त्याला बोलू दिलं.

"साहेब, लीड चुकलंय."

साहेबांनी नकाशा उलगडला, त्यावर पट्टी ठेवली. "सहाच आहे."

"नकाशावर सहा आहे साहेब. पण नकाशावरून ट्रक जात नाही."

"मध्ये पूल दिसतोय की."

"त्याच्यावर बंदी आहे."

"बंदी आम्ही नाही घातली," साहेब दुखावल्यासारखे म्हणाले. "ती वाहतुकीची बाब. ते टेबल वेगळं."

कौतिक त्या वेगळ्या टेबलाशी गेला. ते दुसऱ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे सांगितलं, "बंदी उठेल ना. नवीन पूल झाला की लगेच उठेल."

"पण ती उठल्याशिवाय नवीन पूल होत नाही साहेब."

"मग तुम्ही बांधकामवाल्यांशी बोला."

असे चार दिवस दोन इमारतींमध्ये येरझारा घालून कौतिकच्या चपलेचा अंगठा तुटला. बांधकामवाले म्हणत वाहतूकवाल्यांकडे जा, वाहतूकवाले म्हणत बांधकामवाल्यांकडे. दोघांच्या मध्ये धुळ्याचा एक चहावाला होता, त्याचं मात्र बरं चाललं होतं.

पाचव्या दिवशी तो एसटीने परत आला, पुलाच्या धुळ्याकडच्या तोंडाशी उतरला आणि पाटीखालच्या दगडावर बसला. फॉर्म परत करायचा असं ठरवून झालं होतं. तेवढ्यात गावातला वना त्याचं गाडं घेऊन आला. गाड्यात सरपणाचा हा ढीग. बैल दोन, एक हौश्या आणि एक बांड्या. बांड्याची शेपटी लहानपणी कशात तरी अडकून अर्धी तुटलेली, म्हणून बांड्या. हवालदाराने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पेपर वाचायला लागला. गाडं खडखडत पुलावरून पलीकडे गेलं.

कौतिकने पाटी पुन्हा वाचली. तीन टनांवरील जड *मोटार* वाहनांस.

त्या रात्री गावातल्या गाडीवाल्यांची बैठक चावडीत भरली. कौतिकने सरळ सांगितलं: खाणीवरून ट्रक खडी आणेल, पुलाच्या अलीकडे ओतेल. तिथून गाड्यांत भरायची, पूल ओलांडायचा, पलीकडे ओतायची. एका गाड्यात टनाच्या आत माल. रोजच्या रोज फेऱ्यांवर मजुरी. उन्हाळ्यात बैल बसूनच असतात.

पुना नावाचा एक तिरसट गाडीवाला होता. तो म्हणाला, "सरकारना पूल बैल बांधतीन?"

"आजपर्यंत कोण बांधी राहिनं मंग?" कौतिक म्हणाला. चावडी हसली, आणि चोवीस गाड्या ठरल्या. दोनदा भरण्या-उतरवण्याचा खर्च धरूनही वळशापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडत होतं. कौतिकने टेंडर भरलं. अण्णांनी ते उघडलं तेव्हा त्यांना दोनदा चष्मा पुसावा लागला म्हणतात.

काम नव्वदच्या पौषात सुरू झालं. पहाटेच्या थंडीत चोवीस गाड्यांची रांग जुन्या पुलावरून जायची. एकामागे एक, मध्ये वीस पावलांचं अंतर, हा कौतिकचा नियम. सरकारने त्याला पूल कमकुवत असल्याचं सांगितलं होतं, आणि सरकारचं एवढं एक म्हणणं त्याने मनापासून मानलं होतं. पहिले दोन दिवस तो स्वतः पुलाखाली पाण्यात उभा राहून कमानीला कान लावून होता. वर गाडं आलं की दगड बोलतो का ते ऐकायचं. तिसऱ्या दिवशी त्याला सर्दी झाली आणि पुलावर विश्वास बसला.

सगळं सुरळीत चाललेलं पाहून ऑफिसला अर्थातच काळजी वाटू लागली. पहिल्या बिलाच्या वेळी अण्णांनी वाहतुकीचं रजिस्टर पुढे केलं.

"पलीकडे पोचलेल्या मालाला वाहनाचा नंबर कुठंय?"

"बैलगाडीला नंबर नसतो अण्णा."

"कॉलम रिकामा ठेवता येत नाही."

"मग काय लिहू?"

"वाहनाची ओळख पटेल असं काहीही लिहा. पण लिहा. रिकामा कॉलम दिसला की वरचे मला खातात."

आता गाडीची ओळख गावात गाडीवरून पटत नाही, बैलांवरून पटते. रत्ना सुट्टीवर आलेली होती. तिने सुवाच्य अक्षरात रजिस्टर भरायला घेतलं. फेरी क्रमांक एक, वाहन: बांड्या-हौश्या, चालक: वना, माल: खडी. फेरी क्रमांक दोन, वाहन: काळ्या-मोत्या, चालक: पुना. अशी चार महिन्यांत सात हजारांवर फेऱ्यांची नोंद झाली. अण्णांनी प्रत्येक पानावर "तपासले" असं लिहून सही केली. त्यांनी तपासलंही असेल. बैल बघायला मात्र कधी आले नाहीत.

पावसाळ्याआधी पलीकडचा पाया आणि दोन खांब पाण्याच्या वर आले. पुढच्या उन्हाळ्यात स्लॅब पडला. स्लॅबच्या दिवशी नऊ गावांतली माणसं काँक्रीटच्या पाट्या टाकायला आली होती, मजुरी न घेता. कौतिक सकाळपासून जेवला नव्हता. कुंदाबाईने कळण्याची भाकरी आणि चटणी आणून त्याच्या हातात दिली तर तो म्हणाला, "आधी काँक्रीट पडू दे." ती म्हणाली, "ते काँक्रीट शे, तुमनासारखं दगड नही. थांबी घटकाभर." आणि तिने त्याला सेंटरिंगच्या फळ्यांवर बसवून खायला लावलं.

एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतर उद्घाटन झालं. मांडव, हार, लाऊडस्पीकर. कोनशिलेवर उद्घाटकांचं नाव होतं, अध्यक्षांचं होतं, प्रमुख पाहुण्यांचं होतं, साहेबांचं होतं, आणि शेवटी जागा उरली म्हणून "कार्यक्रमाचे निमंत्रक" असं आणखी एक. बांधणाऱ्याचं नाव कोनशिलेवर कोरायची पद्धत नाही. ते फक्त पूल पडला तरच छापून येतं. कौतिकला पाचव्या रांगेत खुर्ची मिळाली होती. ती त्याने एका म्हातारीला दिली आणि मागे उभा राहिला. भाषणांत एकाने या पुलाला "आधुनिक यंत्रयुगाचं प्रतीक" म्हटलं. वना शेजारीच उभा होता. त्याने कौतिककडे पाहिलं, कौतिकने आभाळाकडे.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण सरकारी कामात पूल झाल्यावर ऑडिट होतं.

त्र्याण्णव साली एक जाडजूड पाकीट आलं. त्यात ऑडिटचा परिच्छेद क्रमांक चार होता: "वाहन 'बांड्या-हौश्या' व इतर तेवीस वाहने यांचे नोंदणी प्रमाणपत्र, फिटनेस प्रमाणपत्र व चालकाचा परवाना अभिलेखात आढळून येत नाही. सबब वाहतुकीपोटी अदा केलेली संपूर्ण रक्कम ठेकेदाराकडून वसूल का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीस दिवसांत करावा."

कुंदाबाईने ते रत्नाकडून दोनदा वाचून घेतलं. मग ती म्हणाली, "हाई बठ्ठं लिव्हनारा माणूस पगार लेस?"

"लेस," कौतिक म्हणाला.

"मंग बैलले काय हसतंस तुम्हीन."

वकील म्हणाला, कोर्टात जा, दहा वर्षांत निकाल लागेल. कौतिक रत्नाला घेऊन धुळ्याला ऑडिटच्या साहेबांना भेटला आणि समजावून सांगू लागला, की बांड्या हे वाहन नसून बैल आहे. साहेबांनी त्याला मध्येच थांबवलं. "बैल आहे की काय आहे ते मला माहीत नाही. रजिस्टरमध्ये तो 'वाहन' या कॉलमात आहे. वाहनाला कागद लागतात. कागद आणा, परिच्छेद काढतो."

बाहेर पडल्यावर रत्नाने ऑडिटचं पत्र पुन्हा उघडलं. डिप्लोमा पहिल्या वर्गात पास होऊन तिला दोन वर्षं झाली होती, आणि चार मुलाखतींत चारही ठिकाणी तिला एकच प्रश्न विचारला गेला होता, की साईटवर मुलगी कशी चालेल. त्यामुळे सरकारी भाषा तिला आता बापापेक्षा बरी कळत होती. ती म्हणाली, "आबा, ते म्हणतात कागद आणा. कसले आणा ते कुठं म्हणताहेत?"

दुसऱ्या दिवशी चोवीस गाड्यांचे जेवढे बैल हयात होते तेवढे गुरांच्या दवाखान्यापुढे रांगेत उभे राहिले. डॉक्टर तरुण होते, विदर्भातून नवे आलेले. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग ऑडिटचं पत्र वाचलं, मग खुर्चीतून पडेपर्यंत हसले, आणि मग उठून मन लावून प्रत्येक बैल तपासला. बांड्याच्या सर्टिफिकेटवर त्यांनी लिहिलं: "वय सुमारे बारा वर्षे. दात, खूर, शिंगे शाबूत. शेपटी अर्धी, तथापि ओढकामास बाधा नाही. सदर बैल वजन वाहण्यास तंदुरुस्त आहे." खाली शिक्का, सही, तारीख.

हौश्या मात्र आदल्या चैत्रात गेला होता. त्याचं नाव आलं तशी वनाने मान खाली घातली. "तो गया ना भाऊ. तेनं सर्टिफिकेट कसं काढवानं?" हौश्याने बांड्याबरोबर त्या पुलाच्या तीनशेवर फेऱ्या केल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, कशाने गेला. वनाने सांगितलं. डॉक्टरांनी वेगळा कागद घेतला आणि त्यावर हौश्याच्या मृत्यूचा दाखला लिहून दिला, "कामाच्या काळात तंदुरुस्त असल्याचे मालकाच्या सांगण्यावरून समजते" असं जोडून. वनाने तो कागद दोन्ही हातांनी घेतला. त्याला वाचता येत नव्हतं, पण त्याने तो बराच वेळ पाहिला.

नोंदणीसाठी तलाठ्याकडून जनावरांच्या मालकीचे दाखले घेतले. चालकाच्या परवान्याऐवजी सरपंचाने लिहून दिलं, की वना, पुना व इतर बावीस इसम लहानपणापासून बैलगाडी हाकतात व त्यांच्या हातून आजवर अपघात झालेला नाही. एकूण शहाण्णव कागद. रत्नाने ते क्रमवार लावले, दोऱ्याने शिवले, वर अनुक्रमणिका चिकटवली. ऑडिटच्या साहेबांनी बाड तळहातावर ठेवून अंदाजाने त्याचं वजन केलं. समाधान झालं. महिन्याभराने पत्र आलं: "परिच्छेद चार वगळण्यात येत आहे. वाहनांच्या विम्याबाबत भविष्यात काळजी घ्यावी."

कौतिक जिंकला होता. अशा जिंकण्याची शिक्षा काय असते ते सहा महिन्यांत कळलं. वर कुठेतरी कुणीतरी म्हटलं असेल, की एकविसावं शतक दाराशी आलं आणि आपल्याकडे बैल पूल बांधताहेत, ही नामुष्की आहे. टेंडरच्या अटी बदलल्या. नव्या अटींची सुरुवात फार सुंदर होती: "स्थानिक ठेकेदारांची क्षमता वाढावी या हेतूने." त्यानंतर अटी. ठेकेदाराच्या स्वतःच्या नावावर दहा टिपर हवेत, मिक्सर प्लांट हवा, गेल्या तीन वर्षांत कोटीची उलाढाल हवी. धुळे-जळगावातल्या खालच्या वर्गातल्या सत्तर-ऐंशी ठेकेदारांपैकी एकाचीही क्षमता एवढी वाढलेली नव्हती. त्यामुळे स्थानिकांच्या भल्यासाठी काम बाहेरच्या कंपनीला मिळालं.

खारीवरच खाली नऊ किलोमीटरवर दुसरा पूल व्हायचा होता. कंपनीचा मॅनेजर जीपमधून हिवरट्याला आला. त्याने दहा टिपरांचे कागद दाखवले होते, हे खरं. तेच दहा टिपर त्याने आणखी तीन जिल्ह्यांत दाखवले होते, त्यामुळे इथे प्रत्यक्षात दोनच आले, आणि त्यातला एक बॅटरीवाचून आला. त्याला पाया काढणारा माणूस हवा होता.

"पोटठेका घ्या पाटील. आमच्या कंपनीच्या नावाखाली."

कौतिकने घेतला. घरात लग्नाची नव्हे, पण नोकरी शोधणारी मुलगी होती, आणि हाताला दुसरं काही येत नव्हतं. टेंडरच्या दराच्या साठ टक्क्यांत त्याने तोच पाया, तसाच खोल, तसाच ओळंब्यात काढला. साईटवर कंपनीची निळी पाटी उभी राहिली, माणसाएवढ्या अक्षरांची. कुंदाबाई एकदा डबा घेऊन आली तेव्हा तिने पाटी खालून वरपर्यंत पाहिली.

"यामा तुमनं नाव कोठे शे?"

"पायामा शे," कौतिक म्हणाला. "पाणीखाले."

त्या दिवशी घरी गेल्यावर तिने सर्टिफिकेटची चौकट भिंतीवरून काढली आणि पुसून ट्रंकेत ठेवली. नूतनीकरणाची तारीख उलटून गेलीच होती; कौतिकने पुढे कधी चौकशी केली नाही.

याच सुमाराला सरकारला आणखी एका गोष्टीची दया आली. राज्यात शिकलेले इंजिनिअर बेकार आहेत, हे त्याच्या ध्यानात आलं. मोठ्या ठेकेदारांना ज्या कामांत गोडी नाही अशी लहान कामं बेकार इंजिनिअरांना टेंडरशिवाय, चिठ्ठ्या टाकून द्यायची योजना निघाली. अट एकच: अर्जदार बेकार असला पाहिजे. रत्ना या अटीत उत्तम रीतीने बसत होती. चार वर्षांचा अखंड अनुभव होता.

चिठ्ठीत तिला शिरपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्याजवळची मोरी लागली. वर्कऑर्डर घ्यायला ती धुळ्याला गेली. अण्णांची निवृत्ती जवळ आली होती, पण कपाट तेच होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सहीला कोण येणार? वडील की मिस्टर?"

"नोंदणी माझी आहे," रत्ना म्हणाली. "सही मीच करणार. शिक्का आहे ना? की नाशिकला गेलाय?"

अण्णांनी मुकाट्याने शिक्का मारला.

मस्टरवर पहिलं नाव तिने लिहिलं: कौतिक झुलाल पाटील, कुशल गवंडी. कौतिकने सही केली आणि रोजंदारीचा दर वाचून म्हणाला, "कंपनीपेक्षा बरा देस." पाड्यावरच्या बायाबापड्या वाळू-खडी डोक्यावर आणत होत्या, तिथे टिपर तर सोडाच, राजदूतही पोचत नव्हती. दोघं एका झोपडीत राहिली. रत्ना उन्हात टोपी घालून लेव्हलचं यंत्र लावायची. कौतिक तिच्याकडे पाहायचा आणि तिने पाहिलं की खडीकडे पाहायचा.

एका दुपारी ती सामान आणायला शिरपूरला गेली असताना कौतिकने बाजूच्या भिंतीचा एक टप्पा ओतून घेतला. घाईत. ढग भरून आले होते, आणि मजुरांना बाजाराला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी फळ्या काढल्या तर एका कोपऱ्यात काँक्रीटला जाळी पडलेली, मधमाशीच्या पोळ्यासारखी, हातभर लांब. दुसरा कोणी असता तर वरून सिमेंटचा हात फिरवून मोकळा झाला असता. कौतिकने थापी हातात घेतलीही होती, इतक्यात ती आली.

तिने वाकून पाहिलं. बोट घालून पाहिलं. बोट अर्धं आत गेलं.

"आबा, हे फोडावं लागेल."

"वरवरचं शे. मी गिलावा करस. दिसावंही नही."

"दिसणार नाही, पण असेल ना."

कौतिक चिडला. सगळ्या मजुरांसमोर. "एकतीस मोऱ्या बांध्यात मी. खारीना पूल बांधा. तू माले शिकाडस?"

"त्या एकतीस तुमच्या नावावर आहेत," रत्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ही माझ्या नावावर आहे. फोडा."

मजूर दुसरीकडे बघू लागले. एक म्हातारी पावरा आदिवासी बाई डोक्यावरची पाटी तशीच घेऊन उभी राहिली. कौतिकने थापी बाजूला ठेवली, पंच्याने तोंड पुसलं. मग त्याने हात पुढे केला.

"घण लई ये," तो म्हणाला. "मोठा."

पहिला घाव घातला तेव्हा काँक्रीटचा कपचा उडून त्याच्या पायाशी पडला. त्याने तो उचलला, बोटांनी चुरून पाहिला, आणि न वळताच मागे उभ्या असलेल्या पोरीला सांगितलं, की मस्टरवर आजचा माझा रोज धरू नको.